पांढरी चादर

सरकारी दवाखान्यात स्ट्रेचर ढकलणाऱ्या या माणसाला सगळे मामा म्हणत. अंगानं काटकुळा, पण "बाजू व्हा!" अशी हाक दिली की कॉरिडॉरमधली गर्दी मुकाट्यानं भिंतीला चिकटायची. त्या दवाखान्याची रीतच होती. छातीत दुखणारा माणूस आला की मामांनी कुणाला विचारत बसायचं नाही, थेट हृदयाच्या वॉर्डात न्यायचं. कागदपत्रं मागून येत.

मामांच्या परदेशातल्या मुलाला या रीतीचं काडीचं कौतुक नव्हतं. फोन आला की याची देशोदेशीची तुलना सुरू.

"आमच्या इकडं सरकारी दवाखान्यात गुडघ्यासाठी वर्ष-वर्ष थांबवतात, बाबा. शेजारच्या देशात सगळं खाजगी. आज दुखलं की उद्या ऑपरेशन! आईला काही झालं तर खाजगीतच न्या."

"गुडघा थांबतो रे. छाती थांबत नाही," मामा म्हणायचे आणि विषय उडवून लावायचे.

एका दुपारी भांडी घासता घासता मामी छाती धरून खाली बसली. टॅक्सीवाल्यानं विचारलं, "कुठं घेऊ?" मामांनी आयुष्यभर एका खाटेवर दोन-दोन रुग्ण निजवले होते. वाटलं, हिला तरी स्वच्छ चादरीवर निजवावं. वेड्या मायेनं माणूस काय करेल सांगता येत नाही.

"नव्या खाजगी दवाखान्यात घ्या," ते म्हणाले.

चादर खरंच पांढरीशुभ्र होती. लोक अदबीनं बोलत होते. नर्सनं सलाईन लावलं, मशीनच्या वायरी जोडल्या. फक्त हृदयाचे डॉक्टर तेवढे नव्हते. "निघालेत, वाटेत आहेत," काउंटरवरची मुलगी दर खेपेला तितक्याच गोड आवाजात सांगायची. मामांचा जीव टांगणीला लागला.

"अहो, किती शांत आहे इथं," मामी म्हणाली. त्यानंतर ती काहीच बोलली नाही.

डॉक्टर धापा टाकत आले. त्यांनी बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. मागं वळले, तेव्हा कुठं मामा त्यांना दिसले. मामा रोज ज्यांच्यापुढं स्ट्रेचर नेऊन उभं करत, तेच हे डॉक्टर.

"मामा, तुमच्या घरचं होतं? अहो, मी आपल्याच वॉर्डात होतो! तिकडं का नाही आणलंत?"

चादरीसाठी, असं मामा कुठल्या तोंडानं सांगणार?

तिला खाली न्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्ट्रेचरला कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः ढकलत निघाले आणि सवयीनं ओरडले, "बाजू व्हा!"

चकचकीत कॉरिडॉर या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता.