अनुकंपा टेबल

सरकारी ऑफिसात किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. पावसाळ्यात फायलींना बुरशी धरते तसे ते आपोआप धरतात. गडचिरोलीच्या आमच्या ऑफिसात तर जेवणाच्या सुट्टीत जितके डबे उघडतात तितके किस्से बाहेर पडतात. फरक एवढाच, की आमच्या टेबलावरच्या प्रत्येक किश्श्याच्या मुळाशी कोणीतरी वारलेलं असतं!

घाबरू नका, सांगतो. घरातला माणूस नोकरीत असताना गेला, की त्याच्या बायकोला नाहीतर लेकराला सरकार नोकरी देतं. त्याला म्हणतात अनुकंपा. मी वडिलांमुळे लागलो, आमच्या हेडक्लार्क रामटेकेबाई नवऱ्यामुळे, ड्रायव्हर मडावीभाऊ त्यांच्या वडिलांमुळे. आम्ही एकत्र डबा खातो म्हणून बाकीच्या ऑफिसने नाव ठेवलं, अनुकंपा टेबल.

मराठीत या भावनेला शब्द तरी किती! दया, कीव, कणव, कळवळा, करुणा, हळहळ. शाळेत आम्ही ते एका ओळीत लिहून मार्क मिळवले. या टेबलावर बसल्यावर कळलं, की त्यांचं आपसात अजिबात पटत नाही.

*

आमच्या टेबलावरची चौथी म्हणजे वैशाली भोयर, चामोर्शीकडची पोरगी. तिचे वडील आमच्याच ऑफिसात आवक-जावकला होते. इथे खोली करून एकटे राहायचे, रविवारी गावी जायचे आणि तिथेही दिवसभर धानाच्या बांधीत असायचे. लेकीच्या वाट्याला बाप आला तो तेवढाच. मग एक दिवस हार्ट अटॅकने गेले आणि त्यांच्याच खुर्चीवर वैशाली आली.

पहिल्याच दिवशी डबा उघडता उघडता तिने विचारलं, "आमचे बाबा इथी कसे होते जी?"

आता खरं सांगू का? भोयरबाबू म्हणजे ऑफिसातला एक नंबरचा भांडकुदळ माणूस! पंख्यावरून भांडण, खिडकीवरून भांडण, कागदाला टाचणी वाकडी लागली तरी भांडण. एकदा तर भिंतीवरच्या घड्याळाशी भांडताना मी त्यांना पाहिलं आहे.

पण समोर बाप गेलेली पोरगी. आम्ही तिघं एकदम बोललो, "देवमाणूस होते!"

वैशालीने मान हलवली आणि भात कालवायला घेतला. पुढे तिने शिपायाला विचारलं, झेरॉक्सवाल्याला विचारलं, अधीक्षक साहेबांनाही विचारलं. साऱ्या ऑफिसकडून तिला एकच उत्तर मिळालं. एवढ्या देवमाणसाशी आपण रोज भांडत होतो हे आम्हालाही तेव्हाच कळलं!

*

हळहळ कशी असते ते मला गेटसमोरच्या चहावाल्याने शिकवलं. मी नवीन लागलो तेव्हा तो माझ्याकडून चहाचे पैसेच घेईना. "राहू द्या भाऊ, तुमच्या बाबूजीले मी रोज चहा पाजला," म्हणायचा. जीभ टाळूला लावून च्यक् च्यक् करायचा. मलाही बरं वाटायचं.

एक दिवस चहा पिऊन निघालो तर मागून हाक आली, "भाऊ, पैसे!"

मी वळून पाहिलं. तो शांतपणे गाळणी झटकत म्हणाला, "आता तुमी जुने झाले ना बापा!"

*

लग्नासाठी पोरगी पाहायला गेलो होतो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "नोकरी पक्की हाय ना?"

"हो, सरकारी आहे," मी म्हणालो.

"परीक्षा देऊन लागले का?"

"नाही. वडील वारले, त्यांच्या जागी लागलो."

"वा वा! लय छान झालं!"

बोलून गेल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की मलाच त्यांची दया आली. चिवड्याची प्लेट मीच त्यांच्यापुढे सरकवली. आज ते माझे सासरे आहेत आणि वडिलांच्या तिथीला न चुकता सर्वांत आधी येतात. त्या दिवसानंतर 'छान' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही.

*

सहानुभूतीचं तसं नाही. ती माईकवरूनच बोलते. महिला दिनाच्या कार्यक्रमात रामटेकेबाईंना स्टेजवर बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं. बाहेरगावचे पाहुणे गहिवरून म्हणाले, "या भगिनींनी पतीच्या पश्चात जो संघर्ष केला, त्याबद्दल आम्हा सर्वांना मनापासून सहानुभूती आहे!"

टाळ्या झाल्या. बाईंनी माईक स्वतःकडे ओढला.

"सहानुभूती राहू द्या, साहेब. बायकांच्या संडासाले आतून कडी लावून द्या!"

दुसऱ्या दिवशी कडी लागली. बाईंना पुन्हा कुठल्या स्टेजवर बोलावलं नाही ते सोडा.

याच बाईंनी एकदा आम्हाला करुणा समजावून सांगितली. त्या दर रविवारी विहारात जातात. म्हणाल्या, "दया करणारा उभा राह्यते अन् घेणारा खाली बसते. करुणेत दोघंबी एकाच चटईवर."

मडावीभाऊंनी लाखोळीच्या डाळीचा भुरका मारला. "मंग आपल्या ऑफिसात खुर्च्या काऊन ठेवल्या, बाई?"

*

आमच्या जिल्ह्याची कीव करणारे तर गाडी भरून येतात. गडचिरोलीला बदली झाली म्हटलं, की पुण्या-मुंबईचा माणूस असा चेहरा करतो की आपणच त्याला पाणी द्यावं. असेच एक साहेब आले. मडावीभाऊ त्यांना आणायला नागपूरला गेले होते. साहेबांची बायको गाडीत बसली ती रडतच. ब्रह्मपुरीपर्यंत थांबली नाही. उतरल्यावर मडावीभाऊंकडे पाहून म्हणाली, "बिचारे, तुम्ही लोक इथे राहता तरी कसे हो!"

काही वर्षांनी साहेबांची बदली झाली. सोडायलाही मडावीभाऊच गेले. साहेबांच्या बाई पुन्हा रडत होत्या. इथली माणसं, इथली झाडं, इथला तांदूळ, कशाकशासाठी म्हणून रडत होत्या.

परत आल्यावर मडावीभाऊ म्हणाले, "येतानी रडल्या, जातानी रडल्या. मधात हसल्या असतीन, पण तेव्हा गाडी दुसऱ्या ड्रायव्हरजवळ होती!"

*

या साऱ्या किश्श्यांना वैशाली खळखळून हसायची. हसून झालं, की मात्र हळूच विचारायची, "अन् तेव्हा आमचे बाबा काय म्हणाले?" आणि आम्ही तिघंही आपापल्या डब्यात डोकं खुपसायचो.

एकदा तिने रामटेकेबाईंनाच गाठलं. म्हणाली, "बाई, तुमी तरी खरं सांगा. घरी बी सारे देवमाणूस म्हणतात, इथी बी तेच. मले देवाची पोरगी नाई व्हायचं. आमचे बाबा कसे बोलत, कसे चिडत, मले काईच माहीत नाई."

मला वाटलं, आता बाई सांगणार. सगळ्या ऑफिसात ज्यांच्या जिभेला हाड नाही त्या एकट्या बाईच. त्यांनी तोंड उघडलंही. पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "लय चांगले होते गं."

वैशाली उठून हात धुवायला गेली. बाईंनी अर्धा डबा तसाच बंद केला. मला म्हणाल्या, "कणव आली, भाऊ. अन् एकदा कणव आली, की खरं बोलता येत नाई."

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. माणूस गेला तो गेलाच, वरून आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला गुळगुळीत करून ठेवला. भोयरबाबूंना हे कळलं असतं तर आमच्याशी भांडले असते.

*

आता शेवटचा किस्सा. हा गेल्या पावसाळ्यातला.

आमचे अधीक्षक साहेब साऱ्या ऑफिसवर ओरडतात, पण वैशालीवर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. तिची चूक झाली तरी "राहू दे, बेटा" म्हणायचे. त्या दिवशी साहेबांनी घाईचं एक पत्र जावकला पाठवलं. वैशालीने ते उचललं, साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "सहीखाली तारीख नाई, सर. मी घेत नाई."

"टाकून घे ना तूच."

"सही तुमची, तारीख बी तुमीच टाका."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "बापावर गेली! डिट्टो बापावर गेली! तोबी असाच छळायचा मले! एका टाचणीसाठी माझं पत्र परत करायचा! भांडखोर! हेकट! पोळ्याच्या दिवशी माझ्याशी भांडून गावी गेला, अन् दुसऱ्या दिवशी डबाभर करंज्या घेऊन इथी माझ्यासमोर उभा! वरून मलेच म्हणते, खायच्या असतीन तर खा, पण चूक तुमचीच होती!"

बोलता बोलता साहेबांच्या लक्षात आलं, की आपण कोणासमोर बोलतोय. ते मध्येच थांबले. सारं ऑफिस दारात जमलं होतं. रामटेकेबाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

वैशालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण ती जागची हलली नाही.

"त्या करंज्या मी केल्या होत्या, सर. पहिल्यांदा. बाबा घरी येऊन म्हणाले, साहेबाने एकबी ठेवली नाई."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाई गं पोरी," ते म्हणाले. "मी एकबी खाल्ली नाई. रागात होतो, तोंड फिरवून बसलो. तोच इथी उभा राहून, माझ्याकडे पाहत पाहत साऱ्या खाऊन गेला."

वैशालीने ओढणीने डोळे पुसले.

"साऱ्या?"

"साऱ्या."