सोडलेली जागा

माझी मुलगी मुक्ता लॉस एंजेलिसमध्ये एका छोट्या, स्वतंत्र म्युझिक कंपनीत काम करते. कोरियातले आणि अमेरिकेतले रॅपर एकत्र आणून त्यांची गाणी काढायची, हा त्या कंपनीचा उद्योग. मी तिच्याकडे गेले होते तेव्हा एका दुपारी तिच्या ऑफिसात तिनं मला सोलहून नुकतंच आलेलं गाणं ऐकवलं. कोरियन मुलगा भराभर म्हणत होता. मध्येच तो थांबला आणि नुसता ठेका वाजत राहिला.

"बिघडलं का गं?" मी विचारलं.

"नाही आई. त्याचं म्हणून झालं. आता ही जागा इथल्या रॅपरची."

तो इथला रॅपर शेजारीच बसला होता. त्याला कोरियन येत नव्हतं. डोळे मिटून तो रिकामा ठेका ऐकत होता, गुडघ्यावर बोटं हलत होती, पण घाई नव्हती. मला नवल वाटलं ते सोलच्या मुलाचं. पुढचा काय म्हणेल हे ठाऊक नसताना त्यानं एवढी ऐसपैस जागा सोडली होती. आमच्या घरात तर समोरच्याचं वाक्यही आपणच पुरं करतो, आणि त्याला माया म्हणतो.

परवा मुक्ताचा फोन आला. जेवलीस का, एवढं विचारून मी गप्प राहिले.

"आई, फोन कट झाला का?"

"नाही गं. आहे मी."

थोडा वेळ नुसता तिच्या श्वासाचा आवाज येत राहिला. मग ती बोलायला लागली.