बावीस जणांची न्याहारी

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेतल्या बेलव्ह्यूची सहा मराठी कुटुंबे समुद्राकडच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. सहलीची व्यवस्था माझ्याकडे होती. उद्यानाच्या वेशीवरच्या लहानशा गावात मॉटेल ठरवताना मालकीणबाईंनी फोनवर विचारले होते, "सकाळी न्याहारीला आमच्याच रेस्टॉरंटमध्ये याल ना सगळे?" मी तत्परतेने म्हणालो, "हो, नक्की!" जाण्याचा विचार मात्र मनात नव्हता, डिकीत तीन दिवसांचे पोहे, ठेपले आणि चटण्या भरायच्या होत्या. तोंडावर नाही म्हणणे मला कधी जमलेले नाही. कुणी जेवायला बोलावले की आपण 'येऊ की' म्हणतो आणि पुढे दोन्ही पक्ष ते सोडून देतात. बाईंनी ते सोडून दिले नव्हते.

पहिल्याच सकाळी आमच्या खोलीत पत्नीने विजेच्या शेगडीवर फोडणी घातली. मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका उठला आणि छतावरचा धुराचा अलार्म किंचाळू लागला. क्षणात बावीस माणसे रात्रीच्या कपड्यांतच पार्किंगमध्ये उभी! नागपूरचा मित्र ओरडला, "वहिनी, आग लागली तर लागू द्या, पोहे तेवढे वाचवा यार!"

पिठाचे हात पुसत मालकीणबाई धावत आल्या. आग नाही असे कळताच त्या हसल्या. "मग चला, सगळे तयार आहे."

माझी पंधरा वर्षांची मुलगी कुतूहलाने त्यांच्यामागे गेली आणि लगेच परतली. "बाबा, शी हॅज सेट ट्वेंटी-टू प्लेट्स. यू टोल्ड हर येस?"

मी एकटाच आत गेलो. टेबले जोडून मांडली होती. कोपऱ्यात बाईंचे यजमान कॉफी गाळत होते. ते पूर्वी लाकूडतोडीच्या कामावर होते. जंगलातल्या एका दुर्मिळ जातीच्या घुबडाला वाचवण्यासाठी तोड थांबली, पाठोपाठ लाकूड कापायची गिरणी बंद पडली. आता उन्हाळी पाहुणे हाच आधार होता. बाई सहज बोलून गेल्या, "हा वीकेंडही रिकामा गेला असता, तर सोमवारपासून स्वयंपाकघर बंद करणार होतो. मग शहरात बहिणीकडे."

त्या घुबडासाठी ऑफिसातल्या निवेदनावर मीही सही केली होती. ती चूक होती असे मला आजही वाटत नाही. पण सही करून मी समाधानाने डबा उघडला होता आणि त्या जंगलाशेजारी माणसे राहतात का, हेसुद्धा विचारले नव्हते. आता त्यांच्याच दारात डबे घेऊन आलो होतो.

"मी फोनवर खोटे बोललो," मी म्हणालो. "आम्ही येणार नव्हतो."

बाई मांडलेल्या ताटांकडे पाहत राहिल्या. यजमान मात्र खो-खो हसले. "घुबडाने निदान आधी नोटीस तरी दिली होती!"

मी बाहेर येऊन सर्वांना बोलावले. पुण्याहून आलेल्या काकू दारातच अडल्या. "अहो, त्या पॅनकेकात अंडं असतं ना?" मुलीने विचारून घेतले. बाईंनी केळी कुस्करून वेगळे पीठ भिजवले आणि काकूंनी चार पॅनकेक संपवून "हे आपल्या घावनासारखंच की!" असा दाखला दिला. पत्नीने पोह्यांचे पातेले आणून टेबलाच्या मधोमध ठेवले. यजमानांनी तीनदा वाढून घेतले. डोळ्यांतून पाणी वाहत होते, तरी चौथ्यांदा बशी पुढे केली. वासामुळे रस्त्यावरचे दोन गिर्यारोहकही आत आले आणि "ते पिवळे काय आहे, तेच द्या," म्हणाले. पोहे संपले होते. त्यांनी अंडी मागवली.

पुढच्या दोन्ही सकाळी आम्ही तिथेच न्याहारी केली. ठेपले जंगलात फिरताना उपयोगी पडले.

निघताना बाईंनी विचारले, "पुढच्या उन्हाळ्यात?"

होकार ओठांवर आला होता. पण मी गाड्यांकडे वळलो आणि एकेका कुटुंबाला विचारून आलो. कुणी भारतात जाणार होते, कुणाची बदली होती.

"चौदा जण," मी म्हणालो. "त्याहून जास्त नाही."

बाईंनी भिंतीवरचे कॅलेंडर काढले. त्यात पुढचे वर्ष नव्हते, म्हणून मागच्या पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यात चौदा लिहिले आणि आत यजमानांना ओरडून सांगितले, "ऐकलंत का? बहिणीला कळवा, एवढ्यात येत नाही म्हणून!"