भासऱ्यांना दिलेला हुकूम

आमच्या घरी धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलायचं नसतं. मी नवऱ्याला सांगते, नवरा त्यांना सांगतो, उत्तर त्याच रस्त्यानं परत येतं. तिघंही एकाच सतरंजीवर बसलेले असलो तरी. अमरावतीच्या ऑफिसात मी दिवसभर माणसांना कामाला लावते. बार्शीटाकळीच्या घरी गेले की आवाज चपलांसोबत दारात काढून ठेवते. व्यवस्था उत्तम आहे. भांडणं होत नाहीत, कारण निरोप पोचेपर्यंत भाजी करपून विषयच बदललेला असतो.

ही व्यवस्था राफ्टमध्येही चालेल, असं आम्ही धरून चाललो.

पावसाळा सरताना नवरा, मी, भासरे आणि जाऊबाई मेळघाटातल्या एका नदीवर गेलो. कल्पना भासऱ्यांची. मोबाईलवर उड्या मारत जाणारी रबरी होडी पाहून त्यांना वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल. पोहता चौघांपैकी कुणालाच येत नाही, पण ती किरकोळ बाब. कोरडे कपडे, उलटीच्या गोळ्या आणि चिवडा मी भरला होता, म्हणजे तयारी पूर्ण होती.

ज्याच्या दंडात जोर त्यानं पुढे बसावं, असं गाइडनं सांगितलं. भासरे पुढे बसले. पंगतीत, फोटोत, ट्रॅक्टरवर तेच पुढे असतात. नदीसाठी काय नियम बदलायचा? बसल्याबरोबर त्यांनी लाइफ जॅकेटचे पट्टे सोडले. पोटाला काचत होते म्हणे.

मी नवऱ्याला म्हणाले, "दादाले सांगा, पट्टे लावा म्हना."

"सांगतो," नवरा म्हणाला, आणि कड्यांचा व्हिडिओ काढू लागला.

पुढे दोन्हीकडचे काळे कडे जवळ आले आणि पाण्याचा आवाज एकदम वाढला. मागून गाइड ओरडला, "पीछे मारो!" म्हणजे वल्ही उलटी मारा. ते फक्त त्याच्या पुढ्यात बसलेल्या मला ऐकू आलं. मी नवऱ्याला सांगितलं. तो वळला. "काय?" मी पुन्हा सांगितलं. त्यानं घसा साफ केला आणि अदबीनं म्हणाला, "दादा, मांगं मारा म्हन्ते." तोवर राफ्ट खडकाला घासून गरागरा फिरली होती. जाऊबाई तळाशी बसून दोरी घट्ट धरून होत्या. भासरे मात्र जीव खाऊन पुढे वल्हवत होते. मेहनतीला माणूस कधीच कमी नव्हता. फक्त हुकूम शिळा पोचायचा.

तेवढ्यात पुढचा उतार दिसला. मधोमध मोठा खडक, त्यावर आपटून पांढरं झालेलं पाणी. आणि भासऱ्यांचं जॅकेट उघडंच, खिडकीच्या पडद्यासारखं फडफडत होतं. ते पडले तर जॅकेट एकीकडे आणि माणूस एकीकडे जाणार, हे कळायला गाइड लागत नाही. नवऱ्यामार्फत जायला वेळ नव्हता. इतक्या वर्षांत कधी हाकच मारली नसल्यामुळे त्यांना काय म्हणून हाक मारायची, तेही सुचेना.

"ओ! पट्टे लावा!"

भासरे वळले. "मले म्हनून राहिली काय?"

"तुमालेच! लावा आधी!"

"काहून वरडून राहिली दादावर?" नवरा दचकला. खडक नाकासमोर आला होता आणि याला घरची रीत आठवत होती.

भासऱ्यांनी दोन पट्टे लावले. तिसऱ्याला हात घातला आणि राफ्ट खडकावर चढली. ते सरळ पाण्यात गेले. डोकं दिसेना. मग नारिंगी जॅकेट वर आलं आणि, नशीब, त्यात भासरे होते. एक खांदा नवऱ्यानं धरला, दुसरा मी. भासऱ्यांना हात लावायचा नसतो, हा नियम मला ते आत आल्यावर आठवला.

काठावर ते खूप वेळ खोकत होते. जाऊबाई पाठ चोळत म्हणाल्या, "झाली हौस पुढं बसायची?" नवरा माझ्याकडे बघायचं टाळत होता.

परतताना सेमाडोहच्या टपरीवर थांबलो. भासरे नवऱ्याला म्हणाले, "तिले इचार, चहात साखर किती."

नवरा माझ्याकडे वळला.

"कमी," मी भासऱ्यांकडेच पाहून सांगितलं.

ते टपरीवाल्याला म्हणाले, "एक कमी साखरेचा."