चौखूरचे दोन खूर

त्याला सगळे चौखूर म्हणत. खरं नाव काय, हे बायकोलाही क्षणभर आठवावं लागे. टेकडीवरच्या प्रक्षेपण मनोऱ्याच्या केंद्रात कामगारांची ने-आण करायचं काम त्याच्या जीपकडे होतं, आणि ते आपल्याकडेच का, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. "चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी, साहेबांची अटच आहे! दोन चाकांवर काय, हातगाडीसुद्धा चालते."

आणि सध्या या गृहस्थाच्या जीपचा पुढचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना पोचवणारा लोखंडी दांडा, गॅरेजच्या फळीवर निवांत पडला होता. काढणारा परका नव्हे, बायकोचा सख्खा भाऊ.

"जॉइंट पार खुळखुळा झालाय, भावोजी," मेव्हणा म्हणाला होता. "नवा येईपर्यंत चालवा मागच्या दोन चाकांवर. फक्त दोन सीटांमधला हा लॉकचा दांडा, पुढची-मागची ताकद एकत्र जखडणारा, तो सुटू द्यायचा नाही. सुटला की सगळी ताकद पुढच्या रिकाम्या तोंडातून गरगर फिरून वाया. गाडी जागची हलणार नाही." दांडा सैल होता, म्हणून त्याने तो खालून तारेने करकचून बांधून दिला. जॉइंट मात्र आज येतो, उद्या येतो करत राहिला.

तेव्हापासून हे गुपित चौखूरला एकट्यालाच सांभाळायचं होतं. साहेबांच्या कानावर गेलं की काम गेलं. बायकोलाही सांगायची सोय नव्हती. बायकोला सांगणं म्हणजे सासूबाईंना सांगणं, आणि सासूबाईंना सांगणं म्हणजे दवंडीवाल्याला भरपगारी रजा देणं.

एका सकाळी तो रात्रपाळीचे कामगार आणायला निघाला, तर सासूबाईच पिशवी घेऊन जीपसमोर उभ्या राहिल्या. थोरल्या मुलीचं घर टेकडीपलीकडे होतं. "रिकामीच चाललीय ना गाडी वर? मग मी काय जड झाले?" चौखूरने पुढचं दार उघडून दिलं.

चढाच्या मधोमध समोरून ट्रक आला. चौखूरने जीप कडेला घेऊन थांबवली. तेवढ्यात सासूबाईंनी पायाशी लोळणारी पिशवी उचलली आणि हाताशी आलेल्या लॉकच्या दांड्याला अडकवली. पिशवीत लेकीसाठी लोखंडी तवा होता. खाली काहीतरी टणकन तुटलं. ट्रक गेला, चौखूरने पहिला गिअर टाकला, इंजिन बोंबललं आणि जीप मागे घसरली.

त्याने ब्रेकवर अक्षरशः उभं राहून ती थोपवली. मागे वळण, वळणामागे दरी. हँडब्रेकची वायर कधीचीच गेलेली. उतारावर गाडी गिअरमध्ये सोडायची, हीच त्याची सवय. आता लॉक सुटल्यावर गिअर धरणार कशाला? तार खाली जाऊन बांधायला हवी होती, आणि पाय उचलला की सगळं संपलं.

"सासूबाई, जरा उतरून मागच्या चाकाला मोठा दगड लावता?"

"मी? दगड? ही काय रीत झाली, जावईबापू?"

"पाय काढता येत नाही हो ब्रेकवरचा."

"मग गिअरमध्ये टाका न्‌ उतरा. माझा मुलगा तसंच करतो. मेकॅनिकची आई आहे मी, एवढं कळतं मला."

"या गाडीत गिअर धरत नाही."

"का नाही धरत?"

पोटरीत गोळा आला होता. पाय थरथरू लागला तशी जीप बोटभर मागे सरकली. सासूबाईंनी दाराची कडी पकडली, पण उतरल्या नाहीत. उत्तर मिळाल्याशिवाय त्या स्वतःच्या लग्नातही उभ्या राहिल्या नसत्या. चौखूरने एकदा दरीकडे पाहिलं, एकदा सासूबाईंच्या तोंडाकडे. दोन्हींचा तळ दिसत नव्हता.

"पुढचा शाफ्ट नाही गाडीला," तो शेवटी पुटपुटला. "दोनच चाकं ओढतात."

"अगोबाई! आणि ती चारचाकांची फुशारकी?" सासूबाईंच्या चेहऱ्यावर लग्नघर उजळलं. "कुणी काढला?"

"तुमच्या चिरंजीवांनी."

लग्नघरातले दिवे पटकन मालवले. बातमी बाहेर पडली तर पोराच्या गॅरेजचीही शोभा होणार, हे त्यांना तिथल्या तिथे उमगलं. त्या मुकाट उतरल्या, कडेचा दगड ढकलत आणून चाकामागे रोवला. चौखूर लंगडतच गाडीखाली शिरला आणि त्याने तार पिळली.

वर साहेब फाटकातच उभे होते. "उशीर का?"

चौखूरचं तोंड उघडलं. खरं सांगून टाकावं, एकदाचं मोकळं व्हावं, असं जिभेच्या टोकावर आलं होतं.

"माझ्यामुळे," सासूबाई आतून म्हणाल्या. "मला गाडी लागते. चारही चाकं ओढायला लागली की पोटात ढवळतं."

साहेब हसले. चौखूरला रडू येत होतं.

त्या दिवसापासून सासूबाईंचं तोंड शिवलं गेलं आणि पाय सुटले. थोरलीकडे, मैत्रिणीकडे, दातांच्या डॉक्टरकडे, मग डॉक्टरांनी नीट केलं का ते पुन्हा दाखवायला. चौखूरने कुरकुर केलीच, तर त्या चौघांत मोठ्याने विचारत, "जावईबापू, आपल्या गाडीला चाकं किती हो ओढतात?" दुसऱ्या गॅरेजात जावं, तर तिथे प्रश्न आधी आणि पाना नंतर. शेवटी त्याने मेव्हण्यालाच गाठलं.

"जॉइंट कुठवर आलाय?"

मेव्हण्याने मान खाली घातली. "मागेच आला, भावोजी. पण आई म्हणाली, थांब जरा. तिच्या दोन-तीन ठिकाणच्या भेटी राहिल्यात."

"आणि तू ऐकलंस?"

"तुम्ही नाही ऐकत?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. सासूबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्याही होत्या.