विनोदिनीनं ओढलेला ओंडका

रायपूरच्या शंकर नगरात राहणाऱ्या शिशिरबाबूंनी शहराबाहेरच्या आपल्या जमिनीवर निलगिरी लावली होती. झाडं तोडायचं काम धर्मपालकडं होतं आणि ओंडके रस्त्यापर्यंत ओढून आणायचं त्याच्या बायकोकडं, विनोदिनीकडं. झाडांच्या दाटीत ट्रॅक्टर शिरत नसे, म्हणून मालकांनी जाड चाकांची, मोटारसायकलसारखी बसून चालवायची एटीव्ही आणली होती. धर्मपालचा जीव करवतीत. गाडी विनोदिनीच शिकली.

हिवाळ्यातल्या एका दुपारी धर्मपाल उतारावरच्या ओंडक्याला साखळी अडकवत होता. एकदम माती सुटली. तो उताणा पडला, ओंडका घरंगळला आणि त्याचा उजवा पाय खाली चिरडला.

विनोदिनी धावली.

"थांब," तो कण्हत म्हणाला. "मानसं बोलाव."

हाकेच्या अंतरावर कुणी नव्हतं. फोन लागेना. माती अजून सुटतच होती आणि ओंडका त्याच्या पोटाकडं सरकत होता.

"आता बोलू नका," ती म्हणाली. तिनं ओंडक्याखाली मोठा दगड सारला, साखळी ओंडक्याच्या टोकाला आवळून गाडीला अडकवली आणि गाडी चढावर घेतली. चाकं जागीच फिरली, मग धरली. धर्मपाल जिवाच्या आकांतानं ओरडला. ती थांबली नाही. पाय मोकळा झाला तेव्हाच तिनं मागं पाहिलं.

त्याला मागं बसवून तिनं ओढणीनं स्वतःच्या कमरेशी बांधलं आणि तशीच रस्त्यावर आली. एका ट्रकवाल्यानं त्यांना रायपूरला पोचवलं. धर्मपाल वाचला. पाय मात्र गुडघ्याखालून काढावा लागला.

घरी येणारे जाणारे हळू आवाजात एकच म्हणत, बाईनं घाई केली, माणसं बोलावली असती तर पाय राहिला असता. विनोदिनी चहा ठेवायला आत जाई. धर्मपाल भिंतीकडं तोंड करून पडून असे. त्याचं गप्प राहणं तिला लोकांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागे.

एकदा त्याची मोठी बहीण शर्मिष्ठा तिच्या तोंडावरच म्हणाली, "तो थांब म्हनत होता, तरी काहून ओढलं तू?"

धर्मपाल कोपरावर उठून बसला.

"ताई, ते ओंडकं माह्या पोटावर येऊन राहिलं होतं. मले दिसत होतं. ही थांबली असती तर तू आज माह्या फोटोपाशी बसली असती."

विनोदिनी दारातच बसली आणि अपघातानंतर पहिल्यांदाच रडली.

"इतके दिवस काहून नाही बोलले?" तिनं नंतर विचारलं.

"पायाचंच दुःख करत बसलो," तो म्हणाला. "तुह्याकडं पाहाचं राहूनच गेलं."

उन्हाळ्याच्या तोंडी ती पुन्हा कामावर गेली. झाडं आता नवा गडी भैय्यालाल तोडत होता. तिनं ओंडक्याला साखळी अडकवली, गाडी सुरू केली. लगेच बंद केली आणि तशीच बसून राहिली.

"हो जाएगा, दीदी?" भैय्यालालनं विचारलं.

"हव," ती मान डोलावत म्हणाली आणि तिनं गाडी पुन्हा सुरू केली.

त्या दिवशी तिनं एकच ओंडका रस्त्यापर्यंत आणला.