आधी वाईट ऐकून घे

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन मराठी बिऱ्हाड आलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या दारावर टकटक व्हायची. बेल असताना टकटक, म्हणजे फिलोबाय. हातात वसईची सुकेळी, उन्हात वाळवलेली गोड केळी, वाळक्या पानात घट्ट बांधलेली. ती पुढे करायची, न सांगता खुर्ची ओढून बसायची आणि म्हणायची, "चांगलं तुला सगळे सांगतील. आधी वाईट ऐकून घे." मग अर्धा तास दुबईची अशी काही उणीदुणी काढायची की समोरच्याला वाटावं, बॅगा अजून उघडल्या नाहीत ते बरंच झालं.

नाव फिलोमिना. वसईकडे बाईमाणसाला मायेने बाय म्हणतात, म्हणून आम्हा सगळ्यांची फिलोबाय. एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत सुपरवायझर होती. स्वतःचं लग्न केलं नाही, पाठच्या भावंडांची केली. एकतीस वर्षं दुबईत, त्यातली शेवटची सोळा आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. मी तिच्याही चार वर्षं आधी आलेली, पण मला कुणी विचारलं दुबई कशी, तर मी "छान, स्वच्छ, सेफ" असं तीन शब्दांत उरकायची. मिरजेहून बहिणीचा फोन असला तर आणखी एक शब्द, "मस्त". फिलोबायला तीन शब्दांत काही सांगताच येत नसे.

तिच्या यादीत पहिला मान नळाचा. ही काय तक्रार झाली, असं तुम्हाला वाटेल. पण इथे जून लागला की गच्चीवरच्या टाक्या तापतात आणि निळ्या खुणेच्या नळाला चहाचं आधण येतं. मग जुनी माणसं काय करतात, गिझर बंद करून ठेवतात. तो घरात, एसीच्या गारव्यात, म्हणून त्यातलं पाणी जरा निवतं. म्हणजे उन्हाळ्यात गार पाण्यासाठी लाल नळ उघडायचा आणि निळ्याच्या वाटेला जायचं नाही. हे समजावून झालं की ती म्हणायची, "जिथे नळसुद्धा उलटा, तिथे बाकीचं काय बोलू."

दुसरं, रस्त्यापलीकडचं दुकान. ते दिसतं, त्याची पाटी वाचता येते, आतला माणूस हात हलवतो म्हटलं तरी चालेल. पण मध्ये बारा पदरी हायवे. तेव्हा कोथिंबिरीसाठी टॅक्सी करायची, ती दोन पुलांवरून वळसा घालून येणार. आणि ती कोथिंबीर घेताना दिरहमचे रुपये करायचे नाहीत, ही तिची सक्त ताकीद. "पहिले सहा महिने भाजीच्या दुकानात गुणाकार बंद. नाहीतर उपाशी मरशील."

एकदा नागपूरहून पल्लवी नावाची नवी नवरी आली. नवरा कंप्युटरवाला, दुबईचे व्हिडिओ दाखवून दाखवून तिला आणलेलं. फिलोबाय जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात. म्हणाला, काकू, त्या आंटींना जरा सांगा, पल्लवी काल रात्रीपासून रडतेय. मी गेले फिलोबायकडे भांडायला. ती शांतपणे मासे साफ करत होती.

"रडू दे, वैनी," ती म्हणाली. "आत्ता रडली तर मी आहे. ऑगस्टमध्ये रडली तर मी लीव्हवर असते."

पुढे जूनमध्ये त्या नवऱ्यानेच ऑफिसला जायच्या घाईत निळा नळ उघडून तोंड धुतलं आणि चांगलं पोळून घेतलं. पल्लवीने म्हणे त्याला तेव्हा फक्त एवढंच विचारलं, की आंटी बोलत होत्या तेव्हा तुझं लक्ष कुठे होतं. त्या दिवसापासून पल्लवी फिलोबायची पक्की झाली. काहीही अडलं की पहिली हाक तिला.

तिला इन्शाल्ला या शब्दाचीही पारख होती. तक्रार शब्दाबद्दल नव्हती हो, देवाचं नाव आहे त्यात, ती स्वतः दर आठवड्याला जबल अलीच्या चर्चमध्ये जाणारी. तिचं म्हणणं, ऑफिसातला साहेब इन्शाल्ला म्हणतो तेव्हा त्याचे डोळे बघायचे. "तुझ्याकडे बघून म्हणाला तर काम होणार. फाइलीकडे बघून म्हणाला तर पुढच्या महिन्यात ये. भिंतीकडे बघून म्हणाला तर खलास, घरी जाऊन जेव." आमच्या ह्यांनी नोकरीत असताना हे ताडून पाहिलं. कधी चुकलं नाही म्हणतात.

आता वाटेल, बाई नुसती किरकिरी होती. आमच्या नातवालाही तसंच वाटायचं. तो विचारायचा, "आजी, इज कम्प्लेंट आंटी कमिंग टुडे?" पण एक सांगते. इथे कुठल्याही काउंटरवर काम झालं की समोर एक छोटी मशीन असते, तीन चेहऱ्यांची. हसरा, मधला आणि रडका. कसं वाटलं ते दाबायचं. आम्ही सगळे डोळे मिटून हसरा दाबतो आणि सुटतो. फिलोबाय मात्र विचार करून, दर वेळी, मधला दाबायची. मी एकदा विचारलं, एवढी नावं ठेवतेस तर रडका का नाही दाबत? म्हणाली, "रडका दाबला तर त्या काउंटरवरच्या पोरीला बोलणी बसतील. हसरा दाबला तर सुधारणार कोण?"

हे तिने लॉन्ड्रीतून उचललेलं असावं. तिच्या हॉटेलात खोली आवरणाऱ्या पोरांना तिची शिस्त होती, की चादरीवर डाग दिसला तर घडी घालून आत लपवायचा नाही. डागाच्या कोपऱ्याला गाठ मारून पाठवायची. गाठ दिसली की धुणारा आधी तिथे हात घालतो. लपवलेला डाग तसाच मशीनमधून जातो, वरून इस्त्री बसते आणि मग तो जन्मात निघत नाही. "गाठ मारणारा पोरगा मला आवडतो," ती म्हणायची. "त्याला चादर पुढेही वापरायची असते."

यादीतलं शेवटचं कलम ती नव्या माणसांना पहिल्या दिवशी सांगत नसे. ते मला माहीत होतं. "इथे कुणी राहत नाही, वैनी, सगळे थांबतात." नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर तुम्ही. सोळा वर्षांत आम्ही दोघींनी मिळून किती सेंड-ऑफचे केक खाल्ले असतील. आमचं एक बरं झालं, ह्यांची नोकरी संपली तेव्हा मुलगा कमावता होता, त्याने आम्हा दोघांना आपल्या व्हिसावर घेतलं. फिलोबायला तसं कुणी नव्हतं. तिचा सगळा कागद हॉटेलच्या हातात.

आणि गेल्या वर्षी तो हात सुटला. हॉटेलने कळवलं, वय झालं, आता पुढचं रिन्यूअल नाही.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरली तशी जो तो तिचं अभिनंदन करायला. सुटलीस एकदाची. आता वसई, अंगण, विहिरीचं गार पाणी. मीही म्हटलं, कशाला खोटं बोलू. म्हटलं, फिलोबाय, संपली बाई तुझी शिक्षा. ती हो म्हणाली आणि आमच्याकडचा चहा अर्धा ठेवून उठली. चहा टाकणारी बाई नव्हती ती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आठवड्याने सांगत आली, की साहेबांकडे दोन वर्षं वाढवून मागितलीत. सांगण्याचा सूर असा, की उपकार हॉटेलवर. नव्या पोरांना डाग कळत नाहीत, म्हणून राहते म्हटलं. साहेब काय म्हणाले विचारलं तर म्हणे, इन्शाल्ला म्हणाले. तिनेच पुढचं सांगितलं.

"भिंतीकडे बघत होते."

जड झालं सगळं. तेव्हा आमच्या ह्यांनी, बिचाऱ्यांनी हसवायला म्हणून, एक तोडगा काढला. तिसऱ्या मजल्यावर एक विधुर गृहस्थ आहेत, स्वतःचा धंदा, स्वतःचा व्हिसा. त्यांच्याशी लग्न कर, ते तुला स्पॉन्सर करतील. मला वाटलं आता ही लाटणं घेणार. पण ती एक मिनिटभर गप्प बसली आणि मग खालमानेने विचारलं, "किती वर्षांचा मिळतो तसा व्हिसा?"

हे गडबडले. म्हणाले, दोन तरी. तिने हिशेब केल्यासारखं केलं आणि मान हलवली. "नको. ते लिफ्टमध्ये ढेकर देतात." मग आम्ही तिघंही हसलो, पण हसताना मी तिच्याकडे बघत होते. लग्नाच्या वयात जिने लग्नाला नकार दिला, ती एकसष्टाव्या वर्षी एक मिनिट विचार करते, तो या गरम नळाच्या गावासाठी.

व्हिसा रद्द करायच्या कागदावर सही करायला मीच तिच्याबरोबर गेले. काउंटरवरची मुलगी गोड होती, चटचट काम केलं, आणि सवयीने ती तीन चेहऱ्यांची मशीन पुढे सरकवली. मी मनात म्हटलं, आज रडका दाब, तुझा हक्क आहे. फिलोबायने चष्मा नीट केला. विचार केला. मधला दाबला. बाहेर आल्यावर मला म्हणते, "मुलगी चांगली आहे. पण पार्किंगला सावली नाही."

मग सामान बांधायला तिच्याकडे गेले. आता इथल्या घरांची एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. इथे प्रत्येकाच्या कपाटावर, छताला टेकून, खोकी असतात. टीव्हीचं खोकं, मिक्सरचं, मायक्रोवेव्हचं, आतल्या पांढऱ्या थर्माकोलसकट. कधीतरी परत जायचंय, तेव्हा सामान त्यातच घालून न्यायचं म्हणून जपलेली. माझ्याकडे पस्तीस वर्षांपूर्वीच्या जाड्या टीव्हीचं खोकं होतं. टीव्ही कधीच भंगारात गेला, त्याच्यानंतरचे दोन गेले, खोकं मात्र दर दिवाळीला पुसून परत वर. येता-जाता दुबई मस्त म्हणणारी मी, आणि माझ्या डोक्यावर कायम निघायची तयारी.

तर मी फिलोबायच्या बेडरूममध्ये स्टूल ओढलं, म्हटलं चढते वर, खोकी काढते. वर बघितलं तर कपाटावर काही नाही. स्वच्छ. पलंगाखाली वाकले, तिथे चपला. बाल्कनीत कुंड्या.

"अगं, खोकी कुठे ठेवलीस?"

"नाहीत," ती म्हणाली. "टीव्ही आणला त्या दिवशीच टाकलं. सगळीच टाकली."

"एकही ठेवलं नाहीस?"

ती भिंतीवरची मदर मेरीची फळी सोडवत होती. आम्ही सगळे भिंतीला चिकटपट्टीने फोटो लावतो, भोक पडायला नको म्हणून. तिने ड्रिल लावून चार मोठे स्क्रू ठोकले होते. पाठमोरीच म्हणाली, "कशाला ठेवू, वैनी? मला कुठे जायचं होतं?"

मी स्टूलवर बसूनच राहिले. एकतीस वर्षं ती या गावाला नावं ठेवत होती आणि आम्ही तिला जायची घाई झाली आहे असं समजत होतो.

संध्याकाळी पल्लवीला सांगितलं. ती वर गेली आणि आपल्या मायक्रोवेव्हचं खोकं घेऊन खाली आली. मग तिने ग्रुपवर मेसेज टाकला असावा, कारण अर्ध्या तासात कॉरिडॉरमध्ये खोक्यांची रांग. ज्या खोक्यांना बायका आपल्या नवऱ्यालाही हात लावू देत नाहीत, ती. ढेकर देणाऱ्या गृहस्थांनी वॉशिंग मशीनचं दिलं. मी माझं जाड्या टीव्हीचं काढलं. फिलोबाय प्रत्येक खोक्याची फिरून तपासणी करत होती, लॉन्ड्रीतल्या चादरी बघाव्या तशी. एकाला वाळवी, एकाचा तळ गेलेला. "इतकी वर्षं जपलंत आणि खालून बघितलं नाही," एवढं बोलून घेतलंच. शेवटी मदर मेरी मायक्रोवेव्हच्या खोक्यात बसली आणि माझ्या टीव्हीच्या खोक्यात तिच्या चादरी. वर फिलोबायने पेनाने लिहिलं, "धीरे. आत काही फुटत नाही, पण धीरे."

एअरपोर्टवर ती रडली नाही. आत जाताना मागे वळून म्हणाली, ट्रॉलीचं चाक वाकडं आहे.

वसईहून तिचा फोन येतो. एकदा म्हटलं, तिथलं सांग की काहीतरी वाईट. ती म्हणाली, "इथे नावं ठेवली की लोक म्हणतात, मग तिकडेच राहायचं होतं." मी तिला निळ्या नळाचं सांगितलं, की यंदा मेमध्येच तापायला लागला. ते ऐकून तिला जरा बरं वाटलं.

तिच्या फ्लॅटमध्ये आता कोल्हापूरचं जोडपं आलंय. भिंतीतल्या चार भोकांबद्दल त्यांनी विचारलं, मी म्हटलं, राहू देत, फळी लावा. परवा संध्याकाळी मी सुकेळी घेऊन गेले, फिलोबायने कुणाच्या तरी हाती खास पाठवली होती. बेल होती, पण हात आपोआप दारावरच गेला. त्या जोडप्यातल्या मुलीने खुर्ची दिली. आत कपाटावर टीव्हीचं नवं कोरं खोकं चढवून ठेवलेलं मला दिसलं.

"काकू, तुम्ही एवढी वर्षं आहात इथे," ती म्हणाली. "कसं आहे हो दुबई?"

छान, स्वच्छ, सेफ हे तीन शब्द जिभेवर आले होते. ते मी गिळले आणि सुकेळी तिच्या हातात दिली.

"बस," म्हटलं, "आधी नळाचं सांगते. मग त्या खोक्याचं बघू."